हिशेब झाडांचा

धरण, खाण वा रस्ता यांसाठी वनभूमी दिली की त्या बदल्यात प्रकल्पकर्त्याकडून पैसा घेतला जातो आणि त्यातून अन्यत्र वृक्षलागवड होते. हा पैसा स्वतंत्र निधीत ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली दिला. 2016 साली संसदेने तसा कायदा केला. निधीचा 90 टक्के भाग राज्यांचा असतो. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने राज्यांना 47 हजार कोटींहून अधिक रुपये सुपूर्द केले.

ही रक्कम ऐकली की मला एक बोडकी टेकडी आठवते. नोकरीच्या आरंभी एका सरकारी लागवडीच्या खर्चाच्या प्रमाणपत्रावर मी सही केली होती. खड्डे खणले होते, रोपे लावली होती, कागदांत कानामात्रेचीही चूक नव्हती. पुढच्या वैशाखात तेथे गेलो, तो आळ्यांतून वाळक्या काटक्या उभ्या! हिरवी होती ती केवळ माझ्या सहीची शाई.

लबाडी कोणीच केली नव्हती. कुंपण, राखणदार आणि उन्हाळ्यातील पाणी यांसाठी अनुदान कोणी मागितलेच नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

श्रोतेहो, म्हणून मला वाटते, की राखणीचा खर्च आरंभीच मंजूर व्हावा. अखेरचा हप्ता मात्र पाचव्या वर्षी जगलेली झाडे ग्रामसभेसमक्ष मोजून मगच द्यावा. पैसा खर्ची पडला म्हणजे काम झाले, अशी आम्हां अधिकाऱ्यांची समजूत असते. झाडाला ती ठाऊक नसते.