शंख दिसतो, बांधणारा दिसत नाही



 कोल्हापुरात दीक्षान्त भाषण करायचे तर ऊस, कुस्ती नाहीतर सहकार यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र एका खेकड्याबद्दल बोलणार आहे. गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण आणि कोकण संपले की अरबी समुद्र; तेव्हा विषय फार लांबचा नाही.

मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर शंखखेकडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या पुढच्या अंगाला कवच असते, पण पोटाचा भाग मऊ आणि उघडा. म्हणून मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात तो शिरतो आणि ते घर ओढत फिरतो. काही शंखांवर आणखी एक जीव चिकटलेला असतो, तो म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचे असले तरी तो प्राणी आहे आणि त्याच्या शुंडकांत दंश करणाऱ्या पेशी असतात. या खेकड्यावर झडप घालायला आलेला ऑक्टोपस त्या दंशाने माघार घेतो. बदल्यात समुद्रफुलाला खेकड्याच्या खाण्यातले उरलेसुरले मिळते, आणि एरवी एका जागी बसून राहिला असता तो जीव नव्या नव्या ठिकाणी पोचतो. कोणीच कोणावर उपकार करत नाही, दोघांचेही भागते.

आपल्या माणसांनी या सोबतीचा अभ्यास केला आहे. 1969 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ए. एच. परुळेकर यांनी शंखखेकड्यांच्या सोबतीने राहणाऱ्या एका समुद्रफुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते इतके वेगळे होते की त्याच्यासाठी नवी प्रजातीच करावी लागली. हेच परुळेकर पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नावारूपाला आले आणि सहाव्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नेते झाले.

खोल समुद्रात गोष्ट आणखी पुढे जाते. तिथे मोठे शंख सहजी मिळत नाहीत, आणि खेकडा तर वाढत राहतो. मग स्टायलोबेट्स नावाचे समुद्रफूल वेगळाच उपाय करते. खेकड्याच्या लहानशा शंखावर ते आपला तळ पसरते आणि त्यातून एक चिवट, सोनेरी-तपकिरी पदार्थ स्रवते. शंखाच्या तोंडापासून पुढे वळण घेत घेत ते भिंत वाढवत नेते. खेकडा वाढेल तसे घर वाढते.

1903 साली विल्यम डॉल या अमेरिकेतल्या नामांकित शंखतज्ज्ञाने हवाई बेटांजवळच्या खोल पाण्यातून आलेले असे घर पाहिले आणि गोगलगायीची नवी प्रजाती म्हणून त्याचे वर्णन केले. स्टायलोबेट्स हे नाव त्यानेच दिलेले. वळणदार शंख आहे म्हणजे तो गोगलगायीनेच केला असणार, असे त्याने धरले. बांधणारा निराळाच होता, हे नंतर उमगले. नामकरणाच्या नियमांमुळे गोगलगाय समजून दिलेले ते नाव आजही त्या समुद्रफुलाला चिकटून आहे.

2022 साली जपानी संशोधकांनी याच प्रजातीतली एक नवी जात नोंदवली. तिच्यासोबत राहणारा खेकडा शंख बदलताना काय करतो, हे त्यांना मत्स्यालयात पाहायला मिळाले. नव्या शंखात शिरलेला खेकडा जुन्या शंखावरच्या समुद्रफुलाला पायांनी, नांग्यांनी टोकरत राहतो, सोडवून घेतो आणि नव्या घरावर आणून बसवतो. घर बदलले, तरी सोबत बदलली नाही.

मित्रहो, आज तुमच्या हातात जे प्रमाणपत्र आहे, त्यावर नाव एकट्या तुमचे आहे. ते वाचणारा डॉलसारखाच फसू शकतो. त्याला रोजगारावर जाऊन फी भरणारी आई दिसणार नाही. पहाटेच्या एस.टी.चा चालक, रात्री उशिरापर्यंत ग्रंथालय उघडे ठेवणारा शिपाई, नोट्स देणारी मैत्रीण, यांतले कोणीच दिसणार नाही. दुसरा फसला तर एकवेळ चालेल, पण तुम्ही स्वतः फसू नका.

या शहराला असे घर बांधण्याची जुनी सवय आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आधाराने 1901 पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यातल्या, सर्व जातीधर्मांच्या मुलांना शिकण्यासाठी डोक्यावर छप्पर मिळाले. इथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या एका विद्यार्थ्याने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. ते कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी ‘कमवा आणि शिका’चा मार्ग दाखवला. तुमच्यातलेही काही जण त्याच मार्गाने आज इथवर आले आहेत.

आपल्या शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. तो पैरा करतो. आज तुझी बैलं माझ्या रानात, उद्या माझी तुझ्या रानात; आणि पैरा बुडवणाऱ्याला पुढच्या हंगामात कोणी दारात उभे करत नाही. भाऊरावांनी पैरा फेडला, पण ज्यांच्याकडून घेतला त्यांनाच नव्हे, तर पुढच्या पिढीला. शिक्षणाचा पैरा असाच पुढे फेडायचा असतो.

तेव्हा तुमच्याकडे माझी मागणी साधी आहे. प्रकल्पाचा अहवाल लिहाल, तेव्हा नमुना आणून देणाऱ्या मच्छीमाराचे आणि प्रयोगशाळेतल्या सहायकाचे नाव त्यात घाला. पुण्याला, बेंगळुरूला, परदेशात मोठ्या घरात जाल, तेव्हा ज्यांनी इथवर आणले त्यांना जुन्या शंखावर सोडून जाऊ नका. आणि पहिला पगार झाला की गावाकडच्या एका विद्यार्थ्याच्या एका महिन्याच्या मेसचे पैसे भरा. तुमचा पैरा तिथून सुरू होऊ द्या.