चीर भोकापासून निघते
(नाशिक जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कांद्याची ट्रॉली लासलगावला निघाली आणि वाटेत दांडा तुटला, की आपण म्हणतो, माल जास्त झाला. पण कालच्या खेपेला तेवढाच माल होता. मग आजच का तुटला?

कुंपणाची तार ओढून तुटत नाही; तीच दहा वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते. लोखंडही थकते. प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक म्हणजे दांड्याला एक हिसका. जर्मनीत व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून याचा हिशेब एकोणिसाव्या शतकातच मांडला.

त्यात भोक आले की काय होते? पाटात धोंडा पडला तर पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जोराने धावते. लोखंडातला ताणही तसाच भोकाच्या कडेला गोळा होतो. रुंद पट्टीतल्या लहान गोल भोकाच्या कडेला तो जवळजवळ तिप्पट असतो. म्हणून चीर तिथून निघते. पाट्याचे पानही बहुधा मधल्या बोल्टच्या भोकापाशीच तुटते.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या विमानाचे छत उडत असतानाच उडाले. एक हवाई सेविका गेली. एकोणीस वर्षांत त्या विमानाने सुमारे ९० हजार उड्डाणे केली होती. रिव्हेटांच्या भोकांपाशी बारीक चिरा पडत गेल्या आणि एकमेकींना मिळाल्या.

आपल्या ओझरच्या कारखान्यात लढाऊ विमाने ठरल्या वेळी उघडून तपासतात. ट्रॉली मात्र आपण तुटल्यावरच पाहतो. तिच्यावर आपलेच मजूर, आपल्याच आयाबहिणी बसलेल्या असतात.

तेव्हा एवढे करू. दांड्याला नवे भोक शक्यतो पाडायचे नाही. पाडावेच लागले तर गॅसने जाळून नव्हे, ड्रिलने. आणि कडा कानशीने साफ करायच्या. पाट्यांचे बोल्ट ढिले राहू द्यायचे नाहीत. हंगामाआधी पिनेच्या भोकाभोवतीचा चिखल आणि रंग खरवडायचा, रॉकेल लावून पुसायचे, वर खडू घासायचा. चीर असेल तर रॉकेल पाझरून खडूवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली की ट्रॉली तिथेच उभी करायची. वरून वेल्डिंगचा टाका मारून खेप काढायची नाही, दांडा बदलायचा.

दांड्याची किंमत मोजता येते. ट्रॉलीवर बसलेल्या माणसाची येत नाही.