छायाचित्राची साक्ष

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा सर्वत्र समज आहे. तो बहुतांशी खरा मानला, तरी छायाचित्राखालची ओळ पुष्कळदा त्याच्याहून अधिक बोलून जाते. वन्यप्राण्यांच्या छायाचित्रकारांना हा धडा उत्तर कॅनडातील एका अस्वलाने दिला.

२०१७ च्या उन्हाळ्यात सॉमरसेट बेटावर पॉल निकलेन आणि क्रिस्टिना मिटरमायर यांना एक ध्रुवीय अस्वल आढळले. त्याची कातडी हाडांवर लोंबत होती आणि मागचे पाय त्याला सावरत नव्हते. त्याची चित्रफीत डिसेंबरात प्रसिद्ध झाली व जगभर कोट्यवधी लोकांनी ती पाहिली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने तीवर, हवामानबदल म्हणतात तो हाच, अशा अर्थाची ओळ घातली.

परंतु ते अस्वल कशाने खंगले, हे कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. वार्धक्य, व्याधी, जखम, यांपैकी कोणतेही कारण संभवत होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मिटरमायर यांनी तसे लिहिले आणि आपली ओळ मर्यादेबाहेर गेल्याचे त्या नियतकालिकानेही मान्य केले. संशयखोरांना तेवढे निमित्त पुरले. एक पुरावा डळमळताच मूळ संकटच कल्पित आहे, असे ते म्हणू लागले.

संकट मात्र खरे आहे. ध्रुवीय अस्वल गोठलेल्या समुद्रावर सीलची शिकार करते. बर्फ वितळला की ते किनाऱ्यावर येते आणि अंगच्या चरबीवर दिवस कंठते. पश्चिम हडसन उपसागरात हा उपवास पूर्वीपेक्षा लांबला आहे. तेथील अस्वलांची संख्या १९८७ मध्ये अंदाजे १,२०० होती. ती २०१६ मध्ये ८४२ आणि २०२१ मध्ये ६१८ वर आली. काही अस्वले शेजारच्या प्रदेशात गेली असावीत, हेही अभ्यासक नोंदवितात. अशा प्रांजळपणामुळेच त्या आकड्यांवर विश्वास बसतो.

चित्राने मन द्रवते, मोजणीने खात्री पटते. म्हणून छायाचित्राखाली स्थळ, काळ आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. हौशी छायाचित्रकारालाही हे साधण्यासारखे आहे. एकाच पाणवठ्याचे चित्र त्याने दरवर्षी ठरलेल्या तारखेस घेतले, तर पाणी किती उरले, पक्षी आले की नाही, याची नोंद आपोआप साठत जाते. वीस वर्षांनी तिच्याइतकी भक्कम साक्ष एकाही करुण चित्राला देता येणार नाही.