डाऊन की सिंथेटिक? बॅग हिमालयात आठ दिवस, मालवणात वर्षभर

(या भागातलं बोलणं, वाचणाऱ्यांसाठी)



दिवाळी झाली की आपल्याकडे दोन गोष्टी सुरू होतात. तारकर्ली-देवबागला पर्यटकांची गर्दी आणि आपल्या पोरांचे ट्रेकचे बेत. मग प्रश्न यायला लागतात. या वेळी एकच प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय: "सीझनचे थोडे पैसे बाजूला काढलेत. एकच स्लीपिंग बॅग घेणार. सगळीकडे चालायला हवी. डाऊन घेऊ की सिंथेटिक?"

व्हिडिओ बघितलेत तर बहुतेक जण सांगतात, परवडत असेल तर डाऊन घ्या. ते सांगणारे युरोप-अमेरिकेत असतात, नाहीतर मनाली-डेहराडूनकडचे. आपण राहतो समुद्राला लागून. म्हणून आज आपल्या हवेच्या हिशोबाने बोलू.

आधी एक साधी गोष्ट. स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. ऊब तुमच्या अंगाची असते. बॅगेच्या आतलं भरण हवा अडवून धरतं आणि ती अडकलेली हवा तुमची ऊब बाहेर जाऊ देत नाही. बॅग जितकी फुगलेली, तितकी उबदार. त्यामुळे विचारायचं ते एवढंच, की ती फुगलेली राहणार का?

डाऊन म्हणजे बदक आणि हंस यांच्या मोठ्या पिसांखाली असते ती मऊ लव. तिला पिसासारखा कडक दांडा नसतो. तिची प्रत 'फिल पॉवर' या आकड्याने सांगतात. २८ ग्रॅम डाऊन, म्हणजे एक औंस, किती घन इंच जागा भरते, तो हा आकडा. ५५० म्हणजे ठीक, ८०० म्हणजे फार चांगली. ८०० चा अर्थ काय, तर २८ ग्रॅम लव जवळपास १३ लिटर जागा भरते. आपला २० लिटरचा पाण्याचा जार येतो ना, तो अर्ध्याहून जास्त भरला, तेही दोन चमचे साखरेएवढ्या वजनात! म्हणून डाऊनची बॅग हलकी असते, दाबली की लहान होते आणि सोडली की परत फुगते.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाच्या गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात डाऊन भरून कोट शिवून घेतला होता. सुरुवातीला बाकीच्यांनी त्याची थट्टा केली. वर थंडी वाजायला लागल्यावर मात्र सगळ्यांना त्याचा हेवा वाटला. कोरड्या कडाक्याच्या थंडीत डाऊनला तोड नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलंय.

आता उलटी बाजू. पावसात भिजलेली कोंबडी बघितलीय? एरवी केवढी टुमटुमीत दिसते आणि भिजली की अर्धी होते. डाऊनचं तसंच होतं. ओली झाली की लव एकमेकींना चिकटते, गोळे होतात, हवा निघून जाते आणि हातात राहतं नुसतं दोन पदरी कापड. हल्ली पाणी झटकणारी प्रक्रिया केलेली डाऊन मिळते. ती ओली व्हायला जास्त वेळ लागतो, पण कधीच होत नाही असं नाही.

सिंथेटिक म्हणजे पॉलिस्टरचे बारीक तंतू. हा तंतू स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. बॅग भिजली तरी तंतू उभे राहतात, त्यामुळे थोडीफार ऊब टिकते आणि पिळून टाकली की लवकर सुकते. प्राइमालॉफ्ट हे नाव तुम्ही जॅकेटवर वाचलं असेल. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या सैन्याला डाऊनसारखं, पण पाण्यात न हरणारं भरण हवं होतं, त्यातून ते तयार झालं. म्हणजे प्राइमालॉफ्टचा जन्मच ओल्यावर उपाय म्हणून झालाय. तोटा काय? तेवढ्याच उबेसाठी बॅग जड होते, सॅकमध्ये जास्त जागा खाते आणि वारंवार दाबून काही वर्षांत तिचा फुगीरपणा कमी होतो.

आता आपल्याकडे या. मालवणच्या किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटे पारा साधारण १८-२० च्या आसपास असतो. ही थंडी नव्हेच. पण रात्री हवा इतकी दमट असते, की अंगणात ठेवलेल्या गाडीची सीट सकाळी पुसावी लागते. ते दंव तंबूवर आणि बॅगेवरही पडतं.

दुसरं, मीठ. समुद्रात पोहून आलेले कपडे कितीही वाळवा, संध्याकाळी परत चिकट लागतात, हा सगळ्यांचाच अनुभव. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं. त्यामुळे खारट अंगाने बॅगेत शिरलात, तर ती बॅग गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय नीट सुकणारच नाही. सिंथेटिक बॅग धुणं सोपं असतं. डाऊनची धुणं म्हणजे खास साबण, हलका हात आणि मग गोळे फोडत फोडत कित्येक दिवस सुकवणं.

म्हणून किनाऱ्यासाठी मी म्हणेन, डाऊन तर नकोच, जाड सिंथेटिकही नको. भोगवे किंवा निवतीला एक रात्र काढायची असेल तर खाली फोमची मॅट, अंगावर पातळ चादर किंवा आईच्या जुन्या सुती साडीची शिवलेली पिशवी, झालं काम. पैसे वाचले.

आंबोलीचं वेगळं. आंबोली समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे किनाऱ्यापेक्षा चारपाच अंश तिथेच कमी झाले, वर समुद्राची ऊब नाही. तिथे, किंवा नारूरवरून चढून रांगण्यावर मुक्काम करायचा असेल, तर १० अंशांची सिंथेटिक बॅग छान चालते. धुकं, ओलं गवत, देवळाची गार फरशी, हे सगळं तिला झेपतं.

आपल्या आजोबांकडे याच कामाला कांबळं होतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि ऊब देत राहते. म्हणून शेतात पावसात त्याची खोळ चालायची. वाकळ तशी चालत नाही. कापूस भिजला की गार पडतो. ओल्या मुलखात ओल सोसणारं पांघरूण हवं, हे आपल्याकडे आधीपासून माहीत आहे.

आता हिमालय. समजा, डिसेंबरात केदारकंठा, उंची ३८०० मीटर. रात्री पारा शून्याच्या बराच खाली. इथे डाऊन भारी, कारण बर्फ कोरडा असतो आणि सॅक पाठीवर तुम्हाला वाहायची असते. फक्त ओल तिथेही असते. रात्रभरात श्वास आणि घामातून साधारण पाव लिटर पाणी तुमच्याच अंगातून बाहेर पडतं. त्यातलं काही बॅगेत मुरतं, काही तंबूला आतून चिकटतं आणि थेंब थेंब खाली येतं. म्हणून तोंड बॅगेच्या आत घालून झोपू नका आणि ऊन मिळालं की बॅग उलटी करून पसरा. ओल्या बॅगेत शून्याखाली काढलेली रात्र ही नुसती गैरसोय नसते, अंगाचं तापमान उतरायला लागलं तर जिवावर बेतू शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्ससारख्या पावसाळी ट्रेकला मात्र सरळ सिंथेटिक.

बॅगेवरचे आकडे बघताना एक फसगत होते. आयएसओ २३५३७ या प्रमाणानुसार तपासलेल्या बॅगेवर तीन तापमानं असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानात मोठ्या अक्षरात बऱ्याचदा खालचा आकडा असतो. एक्स्ट्रीम म्हणजे 'कशीबशी रात्र निघेल, पण थंडीचा धोका आहे', झोप येईल असं नव्हे. तुम्ही कम्फर्टच बघा. आणि खाली मॅट हवीच, कारण अंगाखाली दाबलेलं भरण फुगत नाही, मग डाऊन असो की सिंथेटिक.

आता मुख्य मुद्दा, जो खरेदी करताना सुटतो. तुमची बॅग वर्षातले आठ-दहा दिवस हिमालयात असते. उरलेलं वर्ष ती कुठे असते? तुमच्या घरी. मालवणात, कुडाळात, वेंगुर्ल्यात. जून ते सप्टेंबर, जेव्हा कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, पापड सादळतात, भिंत घाम गाळते. त्या चार महिन्यांत दाबून पिशवीत कोंबलेली डाऊन बॅग ऑक्टोबरात उघडलीत, तर कुबट वास, गोळे आणि कधी बुरशी. दहा-बारा हजारांची वस्तू, एकही ट्रेक न करता गेली.

तेव्हा माझं उत्तर असं. वर्षातून एकदाच हिमालयात जाणार असाल तर बॅग विकत घेऊच नका. बरेच आयोजक बॅग देतात, सांकरीसारख्या गावात भाड्यानेही मिळते. स्वतःचं लायनर तेवढं न्या. सह्याद्रीत दर महिन्याला भटकत असाल, तर १० अंश कम्फर्टची सिंथेटिक घ्या, मध्यम किमतीची. ती मळली, भिजली तरी जिवाला घोर लागत नाही.

आणि डाऊन? वर्षातून दोन-तीनदा उंचावर जात असाल, सामान स्वतः वाहत असाल आणि घरी तिची काळजी घेणारं कोणीतरी असेल, तरच. काळजी म्हणजे काय? दाबून ठेवायची नाही, मोठ्या सुती खोळीत सैल ठेवायची. जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब, वरच्या फळीवर. पावसात उघडीप मिळाली की पडवीत वाऱ्यावर टाकायची, कडक उन्हात नाही, त्याने वरचं नायलॉन विरतं. धुवायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये, पावसाच्या तोंडावर कधीच नाही.

घेण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: ही बॅग ओली होणार कशाने, आणि मी ती सुकवणार कुठे? उत्तर पटकन देता आलं नाही, तर सिंथेटिक घ्या. उरलेल्या पैशात एक चांगली मॅट येईल, बसचं तिकीटही निघेल.

तुमच्या घरात बॅग पावसाळ्यात कशी टिकवता, ते आवाज रेकॉर्ड करून पाठवा, मालवणीत पाठवलंत तर अजून बरं. पुढच्या भागात त्यातल्या काही युक्त्या ऐकवू. तोपर्यंत फिरत राहा, कोरडे राहा. येवा!