एका बंगाली बोलपटातील पोलीस



वसंत व्याख्यानमालेत चित्रपटावर, आणि तोही खुनाच्या तपासाच्या चित्रपटावर बोलायचे म्हटले की काहींच्या कपाळाला आठी पडणार, हे मी जाणून आहे. परंतु समाज कोणत्या प्रसंगाला टाळ्या वाजवतो, यावरून त्याच्या मनाची परीक्षा होते; आणि ही परीक्षा चित्रपटगृहाच्या अंधारात जितकी खरी होते तितकी सभागृहात होत नाही. म्हणून मी आज २०११ साली पडद्यावर आलेला 'बाइशे श्राबण' हा श्रीजित मुखर्जी यांचा बंगाली बोलपट घेतला आहे. याच नावाचा मृणाल सेन यांचा १९६० सालचा चित्रपट निराळा. त्याच्याशी याचा गोंधळ करू नये.

बाइशे श्राबण म्हणजे बंगाली पंचांगातील श्रावणाची बाविसावी तारीख. १९४१ साली, ७ ऑगस्टला, रवींद्रनाथ या दिवशी गेले. आता असे नाव पोलिसी चित्रपटाला का? तर कथेतला खुनी प्रेताशेजारी बंगाली कवितेच्या ओळी ठेवून जातो. कलकत्त्याचे पोलीस चक्रावतात. अभिजित पाकडाशी हा तरुण अधिकारी थकतो, तेव्हा वरिष्ठ प्रबीर रायचौधुरी याला पाचारण करतात. प्रसेनजित चटर्जी यांनी रंगविलेला हा माणूस एके काळचा नामांकित अधिकारी. पण गुन्हेगारांना हाताळण्याच्या त्याच्या दांडगाईमुळे खात्याने त्याला निलंबित केलेले. तोंडात शिवी, हातात पेला, आणि कायद्याच्या पुस्तकाविषयी उघड तुच्छता! दुसरीकडे निबारण हा विस्कटलेला कवी. दिग्दर्शक गौतम घोष यांनी ही भूमिका केली आहे. संशयाची सुई त्याच्याकडे वळते.

कवी आणि पोलीस ही जोडी दिग्दर्शकाने हवेतून आणलेली नाही. निबारण हा 'हंग्री जनरेशन' चळवळीतला दाखविला आहे. ही चळवळ १९६१ साली सुरू झाली, आणि १९६४ साली तिच्या कवींना कलकत्त्याच्या पोलिसांनी खरोखरच पकडले. मलय रायचौधुरी यांना एका कवितेसाठी अश्लीलतेच्या आरोपावरून १९६५ साली दोनशे रुपये दंड झाला. १९६७ साली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. कवितेचा कागद पुरावा म्हणून कोर्टापुढे ठेवण्याचा प्रसंग त्या शहराने प्रत्यक्ष पाहिला आहे.

बंगालची रहस्यकथाही पोलिसांच्या दप्तरातूनच निघाली. कलकत्ता पोलिसांतील प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून 'दारोगार दप्तर' लिहिले. पुढे मात्र वाचकांचे प्रेम पोलिसाकडून खासगी सत्यशोधकाकडे गेले: शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश, सत्यजित राय यांचा फेलुदा. हे शरदिंदु १९५२ नंतर आपल्या पुण्यातच राहिले होते. ब्योमकेश काय, फेलुदा काय, यांचे हत्यार म्हणजे डोके. प्रबीरचे हत्यार मूठ.

आता गंमत पाहा. डोक्याने तपास करण्याची फार मोठी परंपरा याच कलकत्त्याच्या पोलिसांची आहे! जगातील पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय १८९७ साली तेथे निघाले. एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव त्या पद्धतीला लागले. पण बोटांच्या ठशांचे १०२४ कप्प्यांत वर्गीकरण करण्याचे गणित काझी अझिजुल हक यांनी बसविले आणि हेमचंद्र बोस यांनीही त्या कामी मोठा वाटा उचलला. हे दोघेही पोलीस खात्यातले नोकर. त्यांनी कोणाच्या कानशिलात न मारता असंख्य गुन्हेगार ओळखण्याची सोय करून दिली. त्यांच्यावर चित्रपट काढला तर किती शिट्ट्या पडतील?

शिट्ट्या प्रबीरला पडतात. का पडतात, हे समजून घेतले पाहिजे. प्रेक्षकाला नुसते मूर्ख म्हणून भागणार नाही. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याने वर्षानुवर्षे तारखा पाहिल्या, त्याला पडद्यावर का होईना, तत्काळ न्याय मिळाल्याचे समाधान हवे असते. हे दुःख खरे आहे. पण औषध खोटे आहे. मूठ उगारणाऱ्याला आपण विचारत नाही, की समोरचा माणूस गुन्हेगारच आहे हे ठरविले कोणी? पडद्यावर ते आपल्याला आधीच ठाऊक असते. कोठडीत ते कोणालाच ठाऊक नसते.

कलकत्त्यातच १९७४ साली अर्चना गुहा या शिक्षिकेचा पोलीस कोठडीत छळ झाला. त्यांचा खटला १९७७ साली सुरू झाला आणि अधिकाऱ्याला दोषी ठरविणारा निकाल यायला १९९६ साल उजाडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटक कशी करावी याचे नियम घालून दिले: अटकेचा लेखी पंचनामा हवा, नातेवाइकांना कळविले पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. आणि यात बंगालकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. पोलीस चकमकीत माणूस मेला तर चौकशी कशी करावी याचे २०१४ सालचे नियम ज्या खटल्यातून आले, तो महाराष्ट्र राज्याविरुद्धचाच होता. त्यात मुंबईतल्या चकमकींचाच प्रश्न होता.

चित्रपटाचा शेवट सांगितल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी क्षमा करावी. कवी खुनी नसतो. खुनी प्रबीरच असतो. आणि अखेर तो स्वतःवर गोळी झाडतो. कोणी म्हणेल, हा केवळ रहस्यकथेचा धक्का. मला तसे वाटत नाही. कायद्याला अडगळ समजणारा माणूस आरंभापासून आपल्यासमोर उभा होता. आपणच त्याच्या शिवीला हसलो, त्याच्या मुठीला टाळी दिली. शेवटी दिग्दर्शक त्याच माणसाची दुसरी बाजू आपल्याकडे वळवतो. पहिल्या बाजूवर दुसरीची चिन्हे स्पष्ट होती. आपल्याला ती पाहायची नव्हती.

या बोलपटात दोष नाहीत असे नाही. खात्यातल्या साध्या, चिकाटीच्या कामाला त्यात फारशी जागा नाही. दिग्दर्शकाला प्रबीरचा मोहही सुटलेला नाही; २०२३ सालच्या 'दशम अवतार'मध्ये त्याचा पूर्वकाळ दाखवून त्याने त्याला पुन्हा पडद्यावर आणलेच. लोकांना मूठच हवी असते, हे त्यालाही कळले असावे.

न्याय लवकर मिळावा ही मागणी आपण अवश्य करावी: न्यायाधीश अधिक नेमा, पोलिसांना तपासाची साधने द्या, तपासणाऱ्याला बदलीचा धाक नसावा. ही मागणी रुक्ष आहे आणि तिला शिट्टी पडत नाही. परंतु ती केली नाही, तर प्रबीरला पाचारण करण्याची वेळ येते आणि त्याला बोलावणारे आपणच असतो.