ट्रकवर नाव कोणतं घालाल?

दोघा-तिघांनी मिळून मालवाहतुकीला ट्रक घेताय, तर नाव आधी ठरवा. ‘साईकृपा’, ‘जय मल्हार’ ही नावं चांगलीच. पण बाजार समितीच्या आवारात त्याच नावाच्या चार गाड्या असल्या, की बिल्टी भलत्याच्याच हाती जाते. देवाचं नाव काचेवर घाला, धंद्याच्या नावाला मात्र गाव किंवा शिवार जोडा. हमालाला एका दमात उच्चारता यावं. एकट्या थोरल्या भावाचं नाव नको. वाटणीच्या वेळी त्यावरूनच भांडण लागतं. बिल्टी, पावती, बँकेचं खातं, सगळीकडे नाव एकच हवं. भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याखाली त्याच नावानं नोंदणी करा. बिननोंदणीच्या भागीदारीला थकलेल्या भाड्यासाठी व्यापाऱ्यावर दिवाणी दावा लावता येत नाही. रंगाऱ्याला नोंदणीनंतरच बोलवा.