शेतीचा कार्यक्रम आणि पाहणाऱ्याचे मत

दूरचित्रवाणीवरील शेतीच्या किंवा बागकामाच्या कार्यक्रमाची वेळ सरकली, निवेदक बदलला किंवा प्रात्यक्षिकाच्या जागी मुलाखत आली, की प्रेक्षक कुरकुर करतात, आणि ही कुरकुर सवय मोडल्यामुळे होते असे समजून बहुधा कानाआड केली जाते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यात या कुरकुरीकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे लागते, कारण येथे असा कार्यक्रम पाहणारा माणूस पुष्कळदा गावाकडच्या जमिनीचा वाटेकरी, कारखान्यातील कामगार आणि गच्चीवरच्या चार कुंड्यांचा धनी असा तिन्ही एकाच वेळी असतो, आणि कार्यक्रमातला एकच बदल त्याला तीन अंगांनी जाणवतो.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे, म्हणजे मुंबईचा कार्यक्रम पकडून तो पुढे पसरवणाऱ्या यंत्रणेमुळे, त्याचे चित्र पुणे परिसरात दिसू लागले. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापनाही १९७२ चीच. आकुर्डी, निगडी, चिंचवड या गावांच्या शेतजमिनींवर भूखंड आखले जात असतानाच त्या परिसरातील घरांत ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम पोहोचू लागला, आणि ज्यांच्या पायाखालची माती भूखंडाच्या हिशेबात जमा होत होती किंवा जे ती सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेश येथे मागे ठेवून आले होते, असे लोक त्याचे प्रेक्षक झाले. हा योग कोणी जुळवून आणलेला नव्हता, पण कार्यक्रमाच्या नावाचा या पट्ट्यातील अर्थ त्यामुळे मूळ हेतूहून वेगळा झाला, हे नाकारता येत नाही.

या कार्यक्रमात दोन प्रकारचा मजकूर असे. एक, पीक, कीड, खत, बियाणे यांविषयी तज्ज्ञाने सांगितलेली माहिती. आणि दुसरा, ‘गप्पागोष्टी’सारखा भाग, ज्यात राजा मयेकर, माया गुजर यांच्यासारखे नट गावातल्या माणसांच्या बोलण्यातून तीच माहिती, थोडी थट्टा आणि थोडी तक्रार मिसळून, घरात आणत. कृषी विस्ताराच्या, म्हणजे संशोधन केंद्रातील ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या, शास्त्रीय चर्चेत दुसऱ्या प्रकाराला अनेकदा निव्वळ करमणूक म्हणून कमी लेखले जाते. वास्तविक त्या भागात शंका विचारणारे पात्र असे, आणि घरी बसलेल्या प्रेक्षकाची अडचण ते पात्र त्याच्या वतीने बोलून दाखवी. जेथे असे पात्र काढून टाकले जाते आणि अधिकारी व निवेदक असे दोघेच उरतात, तेथे प्रेक्षकाचा पडद्यावरील प्रतिनिधीच निघून जातो. ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ असे मत ज्या शब्दांत सांगितले जाते ते शब्द मोघम असले, तरी त्यामागचे निरीक्षण मोघम नसते.

प्रेक्षकाच्या मताला कार्यक्रमातच जागा असावी ही कल्पना पुण्याला परकी नाही, उलट तिचा एक महत्त्वाचा प्रयोग येथेच झालेला आहे. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या सहकार्याने शेतकरी श्रवणमंडळांचा प्रयोग करण्यात आला. श्रवणमंडळ म्हणजे एकाच गावातील पंधरा-वीस जणांचा गट, जो ठरलेल्या वेळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकतो, लगेच त्यावर चर्चा करतो, आणि ज्याचा निमंत्रक त्या चर्चेचा अहवाल व उरलेले प्रश्न केंद्राकडे पाठवतो. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत अशी मंडळे बसवली गेली, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचे असे एकूण २० कार्यक्रम झाले, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल नॉयराथ यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करून पाहिली. ज्या गावांत लोक बसून बोलले तेथे माहितीत पडलेली भर इतर गावांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळली. या प्रयोगातील खरी गोम अशी, की अहवालांतील प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात, म्हणजे श्रोत्याचे मत हे कार्यक्रम संपल्यावरचा अभिप्राय नसून पुढच्या कार्यक्रमाचा कच्चा माल होते.

दूरचित्रवाणी आली आणि गट फुटून घरे झाली. पत्रे येत, त्यांतील काहींना उत्तरे मिळत, परंतु चार जणांनी आपसात वाद घालून मग विचारलेला प्रश्न आणि एकट्याने पोस्टकार्डावर लिहिलेला प्रश्न यांत फरक पडतोच. पुढे २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटरची योजना सुरू झाली, तेव्हापासून प्रश्न दूरध्वनीवर विचारता येऊ लागले, आणि २६ मे २०१५ पासून डीडी किसान ही स्वतंत्र वाहिनी आली. सोय वाढली हे खरेच. तथापि दूरध्वनीवर प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळते ते त्याच्या एकट्याच्या पिकाबद्दल. कार्यक्रम कसा असावा, हे विचारण्याचे ते ठिकाण नव्हे.

इंग्लंडमधील एक उदाहरण येथे उपयोगी पडते. बीबीसीचा ‘गार्डनर्स वर्ल्ड’ हा बागकामाचा कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे आणि त्याच्या बऱ्याचशा इतिहासात निवेदक स्वतःच्याच बागेतून बोलत आलेला आहे: पर्सी थ्रोअर यांची श्रूसबरीजवळची बाग, जेफ हॅमिल्टन यांची बार्न्सडेल. मधल्या काळात टोबी बकलंड निवेदक असताना बर्मिंगहॅममध्ये कार्यक्रमासाठी मुद्दाम नवी बाग तयार करण्यात आली, तेव्हा झालेले बदल अनेक जुन्या प्रेक्षकांना रुचले नाहीत, आणि २०११ मध्ये माँटी डॉन परत आले ते स्वतःच्या घरच्या बागेसह. बकलंड यांच्या ज्ञानात काही उणे होते असे नाही. पण ज्या बागेत निवेदक राहतो तेथे त्याने लावलेले रोप मेले तर ते पुढच्या आठवड्यात दिसते; चित्रीकरणासाठी उभारलेल्या बागेत मेलेले रोप बदलता येते, आणि प्रेक्षकाचा विश्वास नेमका तेथे डळमळतो.

हीच गोष्ट गुलाबाचा डोळा भरण्याच्या प्रात्यक्षिकात अगदी जवळून पाहता येते. डोळा भरणे म्हणजे रानटी गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीची कळी, म्हणजे फुटवा देणारा अंकुर, सालीसकट बसवणे. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देतात, चाकूच्या बोथट टोकाने साल हलकेच उचलतात, तिच्या आत डोळा सरकवतात आणि डोळा तेवढा उघडा ठेवून वरखाली प्लास्टिकची पट्टी आवळून बांधतात. हे सारे काम सरावलेल्या हाताला दोन मिनिटांचे आहे, आणि म्हणून ते पडद्यावर फार छान दिसते. त्यानंतरचे तीन आठवडे दिसत नाहीत. त्या काळात डोळा हिरवा राहतो की काळा पडतो, खुंटावरचे इतर फुटवे केव्हा खुडायचे, पट्टी कधी सोडायची, हे सर्व ‘मग काही दिवसांनी’ या तीन शब्दांत उरकले जाते आणि पुढच्या दृश्यात फूल डुलत असते. घरी ज्याचा डोळा काळा पडला त्याला त्या कार्यक्रमाने काहीच सांगितलेले नसते. कार्यक्रम आटोपशीर व वेगवान करण्याच्या नावाखाली होणाऱ्या बदलांत सर्वांत आधी कात्री लागते ती या मधल्या दिवसांना, आणि बागकाम हे मुख्यतः मधल्या दिवसांचेच काम आहे.

मावळातील हरितगृहांत गुलाब पिकवणारा शेतकरी हे जाणून असतो, कारण १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी त्याला डिसेंबरच्या मध्यास झाडाची तयारी करावी लागते आणि चार दिवसांची चूक भावात दिसते. त्याला जानेवारीत दाखवलेला छाटणीचा भाग कितीही सुरेख असला तरी निरुपयोगी. गच्चीवर चार गुलाब असलेल्या कुटुंबाचे नुकसान एवढे मोठे नसते, पण तक्रारीचा प्रकार तोच.

पिंपरीतील प्रेक्षकाची एक अडचण मात्र खास येथली आहे आणि ती वेळेची आहे. कारखान्यातील पाळ्या आठवड्याला फिरतात. फर्स्ट शिफ्टला असलेला कामगार संध्याकाळचा कार्यक्रम पाहू शकतो, सेकंड शिफ्टला तो यंत्रापाशी असतो, आणि रात्रपाळीत जेवून निघण्याच्या घाईत असतो. ओळीने चालणारी मालिका त्यामुळे त्याला कायम तुटक मिळत आली. ज्या घरात तो नसे तेथे पत्नी किंवा वडील पाहत आणि कागदावर औषधाचे प्रमाण टिपून ठेवत. अशा घरांना वेळेतील बदलाचा जाच कमी आणि प्रमाण पडद्यावर पुरेसा वेळ न दाखवल्याचा जाच अधिक. डाळिंबाच्या तेलकट डागावर वर्षानुवर्षे सुचवले गेलेले स्ट्रेप्टोसायक्लीन, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण, हे पिंपरीच्याच हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचे उत्पादन, तेव्हा त्या कारखान्याच्या वसाहतीतील एखाद्या घराला पडद्यावर सांगितलेले औषध वापरणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्याच्या बाजूने अधिक परिचयाचे असणार, हाही या गावाचाच एक गमतीचा भाग.

आता चित्रफिती हव्या तेव्हा पाहता येतात, त्यामुळे वेळेची तक्रार जवळजवळ मिटली आहे. निवेदकाविषयीची तक्रारही मिटल्यासारखी आहे, कारण एक नाही आवडला तर दुसरा आहे. उरली ती माती आणि ऋतू यांची. केरळात किंवा हरियाणात चित्रित झालेला भाग निगडीतील गच्चीवर लागू पडत नाही: येथे पावसाळ्यात चार महिने कुंडीतून पाण्याचा निचरा कसा ठेवावा हा प्रश्न असतो, मार्चपासून सिमेंटची गच्ची तापून मुळे भाजतात, आणि नव्या इमारतींच्या आवारात माती म्हणून जे मिळते त्यात मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा निम्म्याने असतो. महापालिकेच्या उद्यान विभागाच्या फुले-फळे-भाजीपाला प्रदर्शनात आणि बागांच्या स्पर्धेत हीच माती, हीच गच्ची घेऊन लोक उतरतात, परीक्षक प्रत्यक्ष कुंडीशी उभे राहून गुण देतात, आणि कुंडीचा मालक तेथल्या तेथे वाद घालू शकतो. मराठीत बागकामाचा नवा कार्यक्रम आखणाऱ्याने प्रेक्षकांची मते मागवण्यासाठी प्रश्नावली छापण्याऐवजी अशा प्रदर्शनात दोन दिवस छायाचित्रक उभा केला, आणि तेथे हरलेल्या पाच कुंड्यांकडे पुढचे वर्षभर दर महिन्याला परत गेला, तर त्याला विषयही मिळतील आणि मतेही.